साहेब येऊन गेले

बाई, तुमचं घमेलं आता माझ्याकडे आहे. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, ते आणलं आणि माझ्या दाराशी उपडं ठेवलं. दगडानं वाजवून वाजवून तुम्ही बुडाला पाडलेला पोचा तसाच आहे. मी त्यावर बोट फिरवलं आणि लगेच हात मागे घेतला. गेलेल्या माणसाच्या वस्तूला लोक बिचकतात, तसं ते नव्हतं. या घमेल्याबरोबर जे काम माझ्याकडे आलं, त्याची मला भीती वाटली.

गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. कांताबाईसारखी मुकादम पुन्हा होणे नाही, असं तेच लोक म्हणतात जे तुम्हाला तोंडाळ म्हणायचे. ऐकून तुम्हाला हसू फुटलं असतं. चांगलं मलाही बोलायचं आहे, पण आधी भांडायचं आहे. धाकट्या जावेनं मोठ्या जावेशी तेरवीनंतर भांडू नये असा काही रिवाज असेल तर तो मला कोणी सांगितलेला नाही. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंनी मीच बोलते आहे.

मंदी आपल्याकडे आली ती एकेक आवाज बंद करत आली. आधी हिंगणघाटला तुमचे दीर, म्हणजे माझे यजमान, कामाला होते ती सूतगिरणी थांबली. गिरणीचा भोंगा वाजेनासा झाला तर मला सकाळी जागच येईना. मग त्या हंगामात सिंदीकडच्या कापसाच्या जिनिंग सुरूच झाल्या नाहीत. माझी इंग्रजी शाळा दिवाळीच्या सुट्टीला बंद झाली आणि सुट्टीनंतर उघडली नाही. फी भरायला पालकांकडे काही नव्हतं आणि आम्हाला द्यायला संस्थेकडे. सेलूच्या बाजारात दुकानदार अर्धं शटर ओढून आत बसलेले असायचे. कोणी ओरडलं नाही, मोर्चा नाही, दगडफेक नाही. सगळीकडे नुसतं शांत होत गेलं, आणि मला त्या शांततेचीच धास्ती बसली.

आम्ही टेम्पोत सामान घालून गावी आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर उभ्या होतात. मला वाटलं आता टोमणा येणार, कारण शहरात राहायचं म्हणून हट्ट मीच धरला होता. तुम्ही टेम्पोतल्या फ्रिजकडे पाहिलं आणि म्हणालात, "हे कपाट ठेवतो आपण, पण ह्याच्यात ठेवाले काय आणलं?" मग स्वतःच हसलात आणि पहिली पेटी तुम्हीच उतरवली. पुढचं वर्षभर त्या फ्रिजमध्ये तुम्ही बियाण्याची गाडगी ठेवलीत, उंदीर लागू नये म्हणून. वीज न लावता तो इतका उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सरकारनं फुकट धान्य सुरू केलं, तेव्हा मी तोंडाला ओढणी गुंडाळून रांगेत उभी राहिले. काल-परवापर्यंत मी मुलांना स्वावलंबनावर निबंध घालत होते. तुम्ही रांगेच्या पुढच्या टोकाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मास्तरीणबाई, तोंड काऊन झाकलं व? आता हमीच्या कामावर येशीन त तोंड उघडंच ठेवा लागीन. मोबाईल तोंड पाहूनच हजेरी घेऊन राह्यला." रांग हसली. मीही ओढणी काढली, कारण आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

तर रोजगार हमीचं काम. हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून जी टेकडी आहे तिच्या उतारावर चर खणायचे. उताराला आडवे, एकाखाली एक, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटणार नाही, चरात थांबेल आणि जमिनीत जाईल. मंदीत लोकांना काम मिळावं आणि गावच्या विहिरींना पाणी यावं, असे सरकारनं एका दगडात दोन पक्षी मारले होते. पूर्वी असल्या कामावर ठरलेले लोक जायचे. या खेपेला कोण नव्हतं? झेरॉक्सवाला होता, शिलाईवाली होती, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, आणि मी होते. पहिल्या दिवशी तुम्ही मला भासऱ्यांचा फुलबाह्यांचा शर्ट साडीवरून घालायला दिलात आणि हातात टिकास, म्हणजे टिकाव, देऊन म्हणालात की याला खडू समजू नको, हे मोडत नाही, माणसालाच मोडतं. संध्याकाळी माझ्या हाताला आलेले फोड तुम्ही कोणाला दाखवू दिले नाहीत. तुम्हीच एरंडीचं तेल लावलंत आणि रागवत राहिलात की मास्तरणीचे हात म्हणजे नुसता मैदा.

जंगलाचे नियमही तुम्हीच सांगितले. एकटीनं आडोशाला जायचं नाही, वाकून काम करताना पाठ जंगलाकडे करायची नाही, आणि त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो येतो. म्हणून त्याला साहेब म्हणायचं. मी शिकलेली, मला हसू आलं. मी म्हटलं, बाई, साहेब म्हटल्यावर साहेब येत नाही वाटतं? तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "साहेब कई बोलावल्यानं आला हाय का?"

मग एका सकाळी चरातून काढलेल्या ओल्या मातीवर तो ठसा दिसला. शिलाईवाली चंद्रकला आधी थांबली, मग आम्ही सगळ्या. माझा अख्खा पंजा त्यात मावला असता. मी वाघाचं चित्र फळ्यावर कितीदा काढलं असेल, पण असा ओला, ताजा पंजा कोणत्याच धड्यात नव्हता. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि फावड्याच्या पाठीनं तो ठसा एका फटक्यात सारवून टाकलात. म्हणालात, "साहेब येऊन गेले. काम पाह्यलं, पसंत पडलं, गेले. चला, हात चालवा."

त्या दिवसापासून तुम्ही मोहाच्या झाडाखाली, वरच्या टोकाला, जंगलाकडे तोंड करून बसू लागलात. मांडीवर उपडं घमेलं आणि हातात दगड. टण, टण, टण. जोवर ते वाजतंय तोवर खाली बघून खणायचं, असं सांगितलंत. मुकादम झाल्या आणि सावलीत बसल्या, असं मी घरी तुमच्या दिरांपाशी बोलले, ते सांगून टाकते, कारण तुम्हाला ते कळलं होतंच. मधूनच तुमचं डोकं फिरायचं. चांगल्या बसलेल्या असताना एकाएकी घमेलं बडवत ओरडायला लागायचात, की ए चंद्रकले, हा चर हाय का उंदराचं बीळ, आणि मास्तरीण, तू खणून राह्यली का माती कुरवाळून राह्यली. आम्हालाही चेव यायचा. आम्ही कंबर सरळ करून तुम्हाला परत ओरडायचो. पाच-दहा मिनिटं टेकडीवर नुसता कालवा. मग तुम्ही जशा चिडलात तशाच शांत व्हायचात. मोठ्या बाईंचं असंच, आम्ही म्हणायचो.

फोनची गोष्ट तुम्हाला पुन्हा सांगू का? तेरवीला मी ती बायकांना सांगितली आणि सगळ्या रडता रडता हसल्या. त्या वेळी मोजमाप अडकलं होतं. मोजमाप घेणारे ते तरुण इंजिनिअर कंत्राटी, त्यांच्याकडे कितीतरी गावं, त्यांना आपल्या टेकडीपर्यंत यायला सवड होत नव्हती आणि मोजमापाशिवाय कोणाचीच मजुरी निघत नव्हती. त्या दुपारी मी पाणी आणायला नाल्यावर गेले होते. हजेरीचा मोबाईल वाजला आणि चंद्रकलेनं उचलला. इंजिनिअरनं विचारलं, काय चाललंय साइटवर. ती म्हणाली, "काई नाई, सकाळीच साहेब येऊन गेले."

मग त्यांनी विचारलं, काय पाहिलं साहेबांनी? चंद्रकलेनं ठशांवरून जे कळलं होतं ते सांगितलं. पूर्ण चराच्या कडेकडेनं फिरले, वरपासून खालपर्यंत. काही बोलले का? नाही, बोलले काही नाही, पाहिलं आणि गेले. कोणत्या गाडीनं आले होते? तर ही म्हणते, "गाडी कायची? पायीच आलते."

बाई, त्या बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल. न सांगता, पायी येऊन, काही न बोलता अख्खं काम पाहून जाणारा वरिष्ठ. त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, हे आपल्याला मागून कळलं. दुसऱ्या दिवशी आपण टेकडीवर पोचलो तर तो आपल्याआधी येऊन टेप पसरून मोजत होता, टेपच्या पात्यानं अंगठा कापून रक्त येईस्तोवर. पुन्हा पुन्हा विचारत होता, साहेब अजून आले तर मला आधी फोन करा. तुम्ही मान खाली घालून हो हो म्हणत होतात आणि पदर तोंडात कोंबला होता. तो गेल्यावर तुम्ही जमिनीवर बसकण मारून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणालात, आपल्या साहेबापरीस त्याचा साहेब जबर निघाला. थोड्या दिवसांत सगळ्यांच्या खात्यात अडकलेली मजुरी आली आणि चंद्रकलेनं पेढे वाटले.

माझं हसू मात्र त्याच संध्याकाळी घरी परतताना संपलं. आपलं भांडण तिथे सुरू झालं, हिंगणीच्या रस्त्यावर, बाकीच्या बायका पुढे निघून गेल्यावर. मी म्हटलं, बाई, तो माणूस आज समोर होता. त्याला खरं सांगायला हवं होतं. वनखात्याला कळवलं पाहिजे. तुम्ही म्हणालात की कळवलं की पहिलं काम बंद करतील. मी म्हटलं, करू देत, दुसरीकडे काढतील, कायद्यानं मागता येतं. तुम्ही चालायच्या थांबलात. इतकं हळू बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं.

"मीना, तुले कायदा माहीत हाय, मले ऑफिस माहीत हाय. बंद कराले एक दिवस लागते अन् सुरू कराले वरीस. तोवर लोकं काय खातीन?"

मी विचारलं, आणि माणूस गेलं तर? चंद्रकला गेली तर, मी गेले तर? तुम्ही झपाझप पुढे निघालात. पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललात. शिवाय मला सगळ्यात खालच्या चरावर टाकलंत, जिथे मुरूम इतका कडक की टिकास उडून परत यायचं. मी म्हटलं, ठीक आहे, ही शिक्षा.

आता त्या दुपारचं. हे लिहून तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला सांगू? ऊन असं की फावड्याचा दांडा धरवत नव्हता. खालच्या चरात मी वाकून खणत होते आणि डोक्यावर तुमचं टण टण चाललं होतं. आपण श्वासाकडे लक्ष देत नाही तसं त्याच्याकडेही लक्ष नव्हतं. आणि ते थांबलं.

मला नेमकं आठवतं, कोणीही वर पाहिलं नाही. सगळ्यांचे हात होते तिथे राहिले. चंद्रकलेचं टिकास डोक्याच्या वर होतं, ते तिनं हळूच, अजिबात आवाज न करता खाली घेतलं. मग कोणीतरी नुसतं "साहेब" म्हटलं आणि माणसं खालच्या नाल्याकडे धावली. घमेली गडगडत होती, कोणाची तरी चप्पल माझ्यासमोर पडली. लोक आता सांगतात, मास्तरीण एकटी थांबली, जावेसाठी थांबली. बाई, मी थांबले नाही. मला पळताच आलं नाही. मी चरातच बसले, तोंडात पदर कोंबून, आणि वाट पाहिली. कोणाची ते तुम्हाला माहीत आहे.

कोणी आलं नाही. पान हललं नाही. खूप वेळानं मी चराच्या काठावरून डोकं वर काढलं. तुम्ही मोहाला टेकून बसलेल्या होतात, तोंड जंगलाकडे, दगड हातात. मी हाक मारली. मग रांगत वर गेले, उभं राहायची छाती नव्हती. तुमचे डोळे उघडे होते.

डॉक्टर म्हणाले हृदयाचा झटका, ऊन, वय. बरोबरच असेल. पण बाई, ते डोळे कुठे पाहत होते? तुम्ही शेवटी काय पाहिलंत? मी त्या झाडाखाली ठसा शोधला. तिथे जमीन कडक, वर मोहाची वाळकी पानं, काहीच कळत नाही. तो आला आणि तुम्हाला बघून परत गेला, की तो आलाच नव्हता आणि तुमचं मन रोज त्याला बघून बघून दमलं? हा प्रश्न घेऊन मी झोपते आणि तोच घेऊन उठते.

तेरवीनंतर लोकांनी मलाच मुकादम केलं. मोबाईल येतो, वाचता येतं, आणि जावेसाठी थांबली ना. पहिल्याच दिवशी मी घमेलं घेऊन तुमच्या जागी बसले. तिथे बसल्यावर मला दिसलं, जे खालून कधी दिसलं नव्हतं. झाडीतून एक वाट सरळ पाणवठ्याकडे उतरते. ती तुमच्या जागेवरून स्वच्छ दिसते, तळहातासारखी. आणि सगळ्यात खालचा, तो कडक मुरमाचा चर, त्या वाटेपासून सगळ्यात लांब आहे. मी शिक्षा समजले होते, बाई. मला तिथे बसूनच रडू आलं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी तो आला. वाटेनं, सावकाश, घरच्यासारखा. ऊन-सावलीत आधी नुसतं काहीतरी हललं, मग खांदे, मग तोंड. तो थांबला आणि टेकडीकडे पाहिलं. माझ्या हातातला दगड थांबला होता. मला ओरडायचं होतं, पळा म्हणायचं होतं. पण पळाल्या तर तो मागे लागेल, हे मला कोणी शिकवलं होतं? तुम्हीच केव्हातरी. आणि मग, देवाशपथ, माझ्या तोंडातून तुमचा आवाज निघाला. मी घमेलं बडवायला लागले आणि ओरडले, "ए चंद्रकले, हा चर हाय का उंदराचं बीळ? काय करून राह्यल्या व तुमी साऱ्या?"

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मग चंद्रकला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला सडकून बोलली, की मुकादम होऊन एक दिवस नाही झाला तर शिंगं फुटली. बाकीच्याही लागल्या. एकच कालवा झाला. त्यानं कान मागे केले, तोंड फिरवलं आणि वाटेनं परत गेला, आला तसाच सावकाश. मी ओरडत राहिले. माझी साडी घामानं भिजली होती आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, नुसत्या घामानं नाही.

तेव्हा मला तुमचं सगळं चिडणं आठवलं. एकेक करून आठवलं. माती कुरवाळणं, उंदराचं बीळ. ज्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांदेखत इतकं बोललात की मी डबा न खाता बसले, त्या दिवशी तो किती जवळ आला होता, बाई?

संध्याकाळी मी भासऱ्यांना विचारलं, बाई घरी काही बोलायच्या का. ते ओट्यावर तंबाखूला चुना मळत बसले होते. मग म्हणाले, "बोलाची काही नाई. पण रोज सकाळी कामावर जाची अन् मोरीत ओकाची. मले म्हणे पित्त हाय. मी तिले लिंबू आणून देत जाओ."

लिंबू. बाई, तुम्ही रोज घाबरून ओकायचात आणि मग येऊन आम्हाला हसवायचात. तुम्हाला भीती वाटत नाही, म्हणून तुम्ही आमचा जीव धोक्यात घालता, असं मी मनात किती वेळा म्हटलं. माझ्याएवढीच वाटत होती, माझ्याहून जास्त, कारण तुम्ही त्याला बघत होतात. आणि तरी त्याच्यापेक्षा मोठी भीती तुम्हाला दुसरीच होती, बंद पडलेल्या चुलींची. हे मला रस्त्यावर भांडताना का सांगितलं नाहीत? एकटीनं का बसलात? मला तुमच्या पायाही पडायचं आहे आणि तुम्हाला खांदे धरून हलवायचंही आहे.

मी तुमच्यासारखी नाही. मला दुसऱ्या दिवशी तिथे बसणं जमलं नसतं. म्हणून सकाळी टेकडीच्या पायथ्याशीच मी सगळ्यांना थांबवलं आणि नाव घेतलं. साहेब नाही म्हटलं, वाघ म्हटलं. बायकांनी कानाला हात लावले, एक जण तर खालीच बसली. मी सगळं सांगितलं, तुमचं ओरडणं, लिंबू, सगळं. चंद्रकला म्हणाली, आता काय करायचं, आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, फोन करायचा आणि दुसरं काम मागायचं, गावतळ्याचा गाळ काढायचं, गावाजवळ. तिनं विचारलं, आणि मिळालं नाही तर? त्यावर मी खोटं बोलले नाही. मिळालं नाही तर काय, ते मला माहीत नाही, म्हटलं. चंद्रकलेच्या घरी कमावणारी ती एकटी आहे. तिनं टेकडीकडे पाहिलं आणि हजेरीचा मोबाईल माझ्या हातात दिला.

इंजिनिअरनं फोन उचलल्या उचलल्या विचारलं, साहेब येऊन गेले का? मी म्हटलं, "साहेब नाही हो, वाघ आहे. पहिल्यापासून तोच होता." ते म्हणाले, ताई, काम आजच बंद करावं लागेल. दुसरं कधी निघेल ते मी सांगू शकत नाही. त्यांनाही हे वरच्या कोणाला तरी सांगायचं होतं.

तुम्ही बरोबर होतात, बंद करायला एक दिवससुद्धा लागला नाही. मीही बरोबर होते, असं मला वाटतं, कारण सगळ्या आपल्या पायांनी चालत घरी परतल्या. पण घरी पिठाचा डबा उघडला की तुमचा आवाज मोठा होतो आणि टेकडी आठवली की माझा. भांडण संपलेलं नाही. तुम्ही असता तर मला फोन लावू दिला नसता. मग मी चोरून लावला असता आणि तुम्ही मला जन्मभर माफ केलं नसतं. ते मला चाललं असतं, बाई. तुम्ही रागावून का होईना, ओट्यावर असता.

आता आम्ही रोज पंचायतीसमोर बसतो, कामाची मागणी घेऊन. आत जातो, सांगतो, उद्या या म्हणतात, बाहेर येऊन बसतो. मी घमेलं नेते. दाराकडे तोंड करून, मांडीवर उपडं घालून, टण, टण, टण. आतल्या लोकांना त्रास होतो, होऊ दे. कोणते साहेब कधी बाहेर येतील आणि काय सांगतील, माहीत नाही. टेकडीवर जशी त्या वाटेकडे पाहत बसले होते, तशीच इथे दाराकडे पाहते. सकाळी मोरीत मीही ओकते. तुमच्या दिरांना मी पित्त आहे म्हणून सांगितलं नाही, खरं काय ते सांगितलं. एवढाच तुमच्यात आणि माझ्यात फरक.

आज दुपारी हात अगदी भरून आला, म्हणून मी दगड खाली ठेवला. आवाज थांबला आणि सगळ्या बायकांनी एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चंद्रकला तर अर्धी उठलीसुद्धा. मी जिवंत आहे का, ते बघत होत्या. मी हसायचा प्रयत्न केला आणि दगड पुन्हा उचलला.